पिंपळनेरहून बोलणारी जीप

१

मगन वारुळे मेला चिंचोदऱ्याच्या नदीकाठी, पण त्याचं मरण ऐकलं ते धुळ्यात बसलेल्या कमल बाविस्करनं.

दिवेलागणीची वेळ होती. भोरटी धरणाच्या पूरसूचना केंद्रात कमल वायरलेसपुढं बसली होती आणि मगन रोजच्यासारखा चिंचोदऱ्याच्या चौकीतून नदीची पातळी सांगत होता. मध्येच तो थांबला. “अरे! इथं कुठं?” एवढंच म्हणाला. त्यानंतर जे ऐकू आलं त्यात शब्द नव्हते. लोखंड हाडावर बसलं, पुन्हा बसलं. माइकचं बटण मगनच्या मुठीत आवळलेलंच राहिलं होतं, त्यामुळं त्याच्या घशातली घरघरही कमलला ऐकावी लागली. मग काहीतरी खळ्ळकन फुटलं आणि सेट मुका झाला.

“सगळी स्टेशनं बोला!” कमल ओरडली. “चिंचोदरे बंद पडलंय!”

धरणावरून म्हातारा ऑपरेटर झुलाल बोलला. मिनिटभरानं जीप बोलली. जीप म्हणजे कनिष्ठ अभियंता छगन नेरकर. नदीकाठच्या रस्त्यावर फिरून गावांना सावध करणं हे त्याचं काम, आणि त्याच्या जीपमध्येही सेट होता.

“कंट्रोल, मी पिंपळनेरात आहे. काय झालं? लगेच निघतो.”

“जीप, काटा दोनावर,” कमल म्हणाली. अशा वेळीही सवय सुटत नाही. प्रत्येक सेटवर शून्य ते नऊ आकड्यांची तबकडी असे. समोरच्याचा सिग्नल जोरकस आला की काटा वर चढायचा, मंद आला की खाली बसायचा. उत्तर देण्याआधी काटा मोठ्यानं सांगायचा, असा त्या खात्याचा दंडकच होता. जीपला एक ठिकाण नाही, म्हणून ती किती लांब गेली हे साहेबलोक या काट्यावरूनच ताडायचे. धुळ्याच्या वेशीवर नऊ, पिंपळनेरात दोन. नेरकर त्या संध्याकाळी पिंपळनेरात होता याला मग दुसरा पुरावा कोण मागणार?

चिंचोदऱ्याचे लोक चौकीत धावले तेव्हा मगनचं फुटलेलं डोकं मांडीवर घेऊन नासीर पिंजारी बसला होता. कोपरापर्यंत रक्तानं माखलेला. लोकांनी विचारपूस करायची तसदी घेतली नाही. लाथा, काठ्या, दगड, हाताला येईल ते. पोलीस पोचले तेव्हा त्याला पायाला धरून नदीकडं ओढत नेत होते.

२

टेंभरोळी ठाण्याचे निरीक्षक मोतीलाल परदेशी यांचा तपास मनगटातून चालायचा. उपनिरीक्षक अभिमन देवरे सकाळी ठाण्यात आला तेव्हा तो तपास रात्रभर चालून दमला होता. नासीरच्या उजव्या हाताची बोटं बुटाखाली चिरडलेली होती. गाद्या भरणाऱ्या माणसाचा हात तो. देवरेला राग आला.

“कबूल झालाय,” परदेशी चहा ओतता ओतता म्हणाले. “उद्या कोर्टापुढं उभा करतो. तू पंचनाम्याचे कागद नीट लाव.”

देवरे जळगावच्या पोलीस वायरलेसमधून बदलून आलेला. परदेशींच्या मते तो रेडिओ दुरुस्त करणारा मेकॅनिक, चुकून खाकीत आलेला.

“साहेब, मी एकदा बोलतो त्याच्याशी.”

“बोल ना. तोंड शाबूत ठेवलंय त्याचं.”

नासीर भिंतीला टेकून बसला होता. देवरेनं पाण्याचा तांब्या पुढं केला. घ्यायला हात वर झाला नाही, तेव्हा देवरेनंच पाजलं.

“मी नही मारं त्याले, साहेब. त्यानीच माले बलावं व्हतं. म्हने, दिन बुडाना टाइमले चौकीवर ये, सिताराना मरनानं खरं सांगस. मी गवू तं तो पडेल व्हता. डोकं फुटेल व्हतं. मांडीवर घिदं मी ते.”

सितारा ही नासीरची बायको. पंधरवड्यापूर्वी भोरटी धरणाचे दरवाजे उघडले आणि डोंगरपाड्याच्या उतारावर गाद्यांचे अभ्रे धुणाऱ्या बायकांना पाण्यानं उचलून नेलं. सितारा त्यांतलीच. तिचं प्रेत बाभळीच्या काट्यांत अडकलेलं नासीरनं स्वतः सोडवलं होतं. नंतरच्या आठवडी बाजारात त्यानं मगनची गचांडी धरली आणि साऱ्यांदेखत त्याला खुनी म्हटलं, जिवंत सोडणार नाही म्हणून ओरडला. हे सगळ्या बाजारानं ऐकलं होतं. परदेशींना तेवढं पुरलं.

“मगनवरच का राग धरला तू?”

“नेरकर साहेबनी सांगं माले. का मगनकडे निरोप धाडा व्हता, पानी सोडी राहिनूत, उतारवरना लोक उठाड. तो झोपी ऱ्हायना.”

कमलच्या जबाबाचा कागद देवरेनं सकाळीच वाचला होता. त्यातले मगनचे शेवटचे शब्द त्याच्या डोक्यात घोळत होते. ज्याला आपणच बोलावलंय, तो ठरल्या वेळी दारात आला, तर माणूस “अरे! इथं कुठं?” असं विचारेल का?

बाहेर आरडाओरडा झाला. शिपाई चुडामण धापा टाकत आत आला. “साहेब, नासीरचं दुकान पेटवलं. कापसाचा ढीग होता आत. शेजारची घरंही धरतील. आणि लोक इकडंच यायला निघालेत.”

३

लोकांच्या पुढं मगनची बायको होती, झुंबरबाई. कपाळ मोकळं, केस सुटलेले, हातात धोंडा. देवरे दारात आडवा उभा राहिला तरी तिनं तो भिरकावलाच. गजांतून आत गेलेला धोंडा नासीरच्या भुवईवर बसला आणि रक्ताची धार त्याच्या डोळ्यात उतरली.

“मना मानूसले मारी टाकं ह्यानी! माले द्या तो, मी त्यानं नरडं फोडस!”

चुडामणनं आणि आणखी दोघा शिपायांनी काठ्या आडव्या धरून जमाव मागं रेटला. देवरेनं झुंबरबाईला आत आणून बाकावर बसवलं.  मग हळूच विचारलं, “अक्का, मगनभाऊ नासीरला काही सांगणार होते का?”

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, “दोन रात झोपना नही तो. म्हने, चौकशीवाला साहेब येवाव शेत, त्यासले सांगस. त्याना पहिले नासीरले सांगस. नेरकर साहेबलेबी त्यानी तोंडवर सांगी दिधं, का आते मी गप बसाव नही.”

“काय सांगणार होते?”

तिनं ओठ मिटून घेतले. त्यापुढं एक अक्षर नाही.

म्हणजे नासीर खोटं बोलत नव्हता. पण “मगननं बोलावलं होतं” एवढ्यानं परदेशी त्याला सोडणार नव्हते. बोलावणं आल्यावरही माणूस खून करू शकतो, असं ते म्हणतील, आणि त्यात चूक काय काढणार? उद्या एकदा नासीर कोर्टापुढं कबुलीजबाब देऊन बसला, की त्याच्या गळ्यातला फास सोडवायला कोणी येणार नाही, हे देवरेला पक्कं ठाऊक होतं.

दुपारी तो नेरकरकडं गेला. नेरकरचं क्वार्टर चिंचोदऱ्यातच, मगनच्या चौकीपासून हाकेच्या अंतरावर. माणूस मोठा अगत्यशील. खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला, मगनची आठवण काढून डोळेही पुसले.

“पाणी सोडलं त्या दिवशी तुम्ही कुठं होतात?”

“डोंगरपाड्यात. मी स्वतः उतारावर जाऊन बायकांना हाकललं, वायरलेसवर कळवलं, तेव्हाच झुलालनं दरवाजे उघडले. बायका नंतर पुन्हा उतरल्या असतील. लोकांना कितीही सांगा हो.”

देवरेनं चहा संपवला. नासीरपाशी मगननं निरोप पोचवला नाही अशी कथा, आणि इथं मी स्वतः गेलो होतो अशी कथा. एका प्रसंगाला दोन कथा ठेवणारा माणूस त्याला कधीच आवडला नव्हता. पण मगन मेला तेव्हा हा पिंपळनेरात होता. धुळ्याच्या काट्यानं तशी ग्वाही दिली होती, आणि रागापोटी काटा हलत नाही.

४

धरणावर झुलाल ऑपरेटर एरियलच्या खांबावर चढून बसलेला होता. खाली उतरवायलाच वेळ गेला. मगनशी त्याचं पूर्वी वाजलेलं होतं, म्हणून परदेशींनी त्यालाही दोन थपडा दिल्या होत्या. गाल अजून सुजलेला.

“नाना, खांबावर कशाला?”

“सेट बिघडना मना. कालपशी शोधी राहिनू, पन दोष सापडत नही.”

“बिघडला कशावरून?”

“जीप पिंपळनेरमां उनी का मना काटा खुटाले जाईसन ठोकास. पिंपळनेर आठेथीन जवळच शे ना. काल मगन मरना तवय नेरकर साहेब पिंपळनेरथीन बोलना, तं काटा तीनवरच लटकेल. कमलताईले दोन, माले तीन. मी म्हनं, मना कान गया.”

देवरेनं पायरीवरच्या धुळीत बोटानं रेघ ओढली. एका टोकाला धुळं, दुसऱ्या टोकाला धरण. 

पिंपळनेर धुळ्यापासून लांब, धरणाला खेटून. जीप तिथं असती तर धुळ्याचा काटा खाली आणि धरणाचा वर, असंच व्हायला हवं. इथं दोन्हीकडं काटा खाली. धुळं पूर्वेला, धरण पश्चिमेला, मध्ये नदीकाठचा एकच रस्ता. त्या रस्त्यावरची जीप एकाच वेळी दोन्ही टोकांपासून लांब कशी असेल?

“नाना, आज धुळे आणि मेलेल्या चिंचोदऱ्याशिवाय कोणाकोणाचे काटे बघितले?”

“इरिगेशनना ट्रक बोलना, सकायले. बराबर व्हता काटा.”

सेट शाबूत होता. म्हणजे कमी पडला होता तो जीपचाच सिग्नल. आणि सिग्नल कमी करायची युक्ती देवरेनं जळगावात डोळ्यांनी पाहिली होती. कामचुकार गाडीवाले लिंबाखाली गाडी लावायचे, अँटेनाचा पेच सैल करायचे आणि कंट्रोलला सांगायचे, लांब आलोय साहेब. काटा खाली पडलेला बघून कंट्रोल खूश. त्यांना भीती एकाच कानाची, झापणाऱ्या साहेबाच्या. बाकी कोणाचा काटा कुठं आहे याचा विचार त्यांच्या मनाला शिवतही नसे.

पण पेच सैल केला की सिग्नल सगळ्यांकडं सारखाच उतरतो. धुळ्याकडं जेवढा, तेवढाच धरणाकडं. म्हणून दोन्ही काट्यांमधला फरक तसाच राहतो. दोन आणि तीन. जीप कुठंही असो, धुळ्यापेक्षा धरणाला जराशीच जवळ होती.

परदेशींना त्यानं फोनवर हे समजावून सांगितलं. 

“देवरे, काट्यावर फाशी होत नसते. संध्याकाळपर्यंत काही ठोस आण. नाहीतर मी त्याची उरलेली बोटं मोजतो.”

५

“रस्ता दाखवाल का साहेब, पाणी सोडण्याच्या दिवसाचा?” देवरेनं नेरकरला इतक्या नम्रपणे विचारलं, की नाही म्हणायची सोय नव्हती. नेरकर जीप चालवायला, देवरे शेजारी, मागं चुडामण. चुडामण गाडीत बसला की पाच मिनिटांत घोरायचा, आजही घोरू लागला.

पहिला थांबा पिंपळनेर. देवरेनं माइक उचलला. धुळ्यानं काटा दोन सांगितला, धरणानं नऊ. मग देवरे खाली उतरला आणि अँटेनाचा पेच चिमटीनं फिरवून सैल केला.

“हे काय करताय?” नेरकरनं विचारलं.

“गंमत.”

या वेळी धुळं बोललंच नाही. धरण म्हणालं, काटा पाच. म्हणजे पेच सैल झाला की चार अंक गळतात, आणि इथून धुळ्याला काहीच उरत नाही. पेच सैल करून पिंपळनेरहून धुळ्याशी बोलता येत नाही, आणि पेच घट्ट असता तर झुलालचा काटा खुंटीला, म्हणजे नवावर, लागला असता. नेरकरच्या कपाळावर घाम आला. रुमालानं तो पुसून त्यानं जीप सुरू केली.

डोंगरपाड्याच्या उताराशी थांबले. वाळूत अजून कोणाचा तरी अभ्रा रुतलेला होता, मातीनं भरलेला. पेच घट्ट करून इथले आकडे घेतले, सैल करून घेतले. दोन आणि तीन जुळेनात. आणखी पुढं. जुळेनात. चिंचोदरे जवळ येऊ लागलं तसा धुळ्याचा काटा चढायला लागला, धरणाचा उतरायला. चौकीच्या अगदी अलीकडं, पळत मिनिटभरावर, बाभळीच्या गर्दीत एक बंद पडलेलं पंपघर आहे. तिथं देवरेनं हात वर केला.

“इथं थांबा.”

“इथं काय आहे?”

“थांबा म्हणतो ना.”

पेच घट्ट. धुळे: काटा सहा. धरण: काटा सात. देवरेनं पेच सैल केला आणि पुन्हा बोलला.

“जीप, काटा दोनावर,” कमलचा आवाज आला, आणि बोलता बोलताच चिरका झाला. तिलाही उमगलं असावं.

“जीप, काटा तीन,” झुलाल म्हणाला.

देवरेनं माइक खाली ठेवला. “नेरकर, मगनच्या दारात येण्याआधी तुम्ही जीप इथं लावली. पेच आधीच सैल करून ठेवला. मारून परत आलात आणि पिंपळनेरहून बोललात. पाणी सोडलं त्या दिवशीही हेच. क्वार्टरवर लोळत पडला होतात आणि डोंगरपाडा रिकामा झाला म्हणून सांगितलंत. धुळ्याला तो आवाज लांबचा वाटला. पण मगनची चौकी तुमच्या उशाशी. त्याचा काटा पेच सैल असूनही नऊवर आपटला असणार. त्या बायकांना कोणी हाकललंच नव्हतं, हे त्याला त्याच क्षणी कळलं.”

“मी मारायला गेलो नव्हतो,” नेरकर कुजबुजला. “गप राहा म्हणून सांगायला गेलो होतो. माझी नोकरी...”

“सांगायला जाताना पेच कशाला सैल केलात?”

नेरकरचा हात सीटखाली गेला. टॉमी, टायर काढायची लोखंडी दांडी, देवरेच्या खांद्यावर बसली आणि हाड मोडल्याचं त्यानं स्वतःच ऐकलं. दुसरा घाव डोक्याकडं आला, तो त्यानं डाव्या हातावर घेतला. दार उघडून दोघे खाली धुळीत पडले. नेरकर त्याच्या छातीवर बसला, दांडी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं अगत्य पुसून गेलं होतं. देवरेनं त्याच्या डोळ्यांत मूठभर माती फेकली. तरी दांडी खाली आली, कानाला चाटून जमिनीत घुसली.

तेवढ्यात चुडामणला जाग आली. त्यानं प्रश्न विचारले नाहीत. मागून गळ्यात उपरणं टाकलं, पीळ दिला आणि नेरकरला जीपच्या चाकाशी ओढत नेऊन त्याचं तोंड लोखंडी रिमवर आपटलं. दात पडले. पुन्हा आपटलं. देवरेनं ओरडून थांबवलं नसतं तर मगनच्या खटल्याला आरोपीच उरला नसता.

टॉमीच्या आकड्यात वाळलेलं रक्त होतं आणि त्यात केस चिकटलेले.

६

परदेशींनी टॉमी पाहिली, नेरकरचं फुटलेलं तोंड पाहिलं आणि “बरं” एवढंच म्हणाले. देवरे गळ्यात हात अडकवून त्यांच्यापुढं उभा होता.

“नासीरच्या बोटांचं मी वर लिहून पाठवतोय, साहेब. तुमच्या नावासकट.”

“पाठव,” परदेशी म्हणाले. पण त्यांनी नजर वर केली नाही.

नासीरला सरकारी दवाखान्यात हलवलं. हाताला जाड पट्टी होती. डॉक्टरांनी देवरेला बाजूला घेऊन सांगितलं होतं, दोन बोटं पुन्हा वळणार नाहीत. देवरेनं खाटेशी बसून त्याला सगळं सांगितलं. जीप कुठं होती, आवाज कुठून आला, उतारावर त्या दिवशी कोणीच कसं आलं नव्हतं.  संपल्यावर नासीरनं विचारलं, “मगनभाऊले कव्हयपशी माहीत व्हतं?”

“त्याच दिवसापासून.”

“आनि मी बजारमां त्याले खुनी म्हनं. तरी तो बोलना नही?”

दाराशी कोणीतरी उभं होतं. झुंबरबाई. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती आत आली, खाटेपासून लांबच थांबली आणि नासीरच्या भुवईवरच्या टाक्यांकडं बघत राहिली.

“मी बोलू दिधं नही त्याले,” ती म्हणाली. “पहिला दिनलेच तो सांगाले निंघना व्हता. मी दारमां आडवी पडनू. म्हनं, साहेबना विरुद्ध बोलशी तं नोकरी जाई, पोरे उघडा पडतीन. तू माले कितलीबी शिव्या दे, पन गप ऱ्हाय. तो तवयच बोलता तं आज जित्ता ऱ्हाता, नासीरभाऊ. तुना हातबी ऱ्हाता.”

नासीरचा चेहरा आक्रसला. देवरेला वाटलं, हा आता ओरडेल, किंवा उठून तिच्यावर धावून जाईल, आणि गेला असता तर देवरेनं त्याला अडवलं नसतं. नासीर ओरडला नाही. त्याचे खांदे गदागदा हलू लागले, पट्टी बांधलेला हात तोंडाकडं नेता नेता मध्येच राहिला आणि पंधरवडाभर न आलेलं रडू त्याला फुटलं.

“सितारा म्हने...” तो एवढंच बोलू शकला. “म्हने, आज पानी कमी शे, अभ्रा लवकर व्हतीन.”

झुंबरबाई खाली बसली, खाटेच्या पायाला धरून. तिलाही आता आवरेना. देवरे उठला, बाहेर व्हरांड्यात गेला आणि त्या दोघांकडं पाठ करून उभा राहिला. आतून रडण्याचा आवाज येत होता. थोड्या वेळानं दोन आवाजांतला कुठला कोणाचा, हे त्याला ओळखता येईना.